मांजरा भाई

आमच्या घरमालकीणबाईंना पाहुणे आवडायचे नाहीत. चहापाण्याचा त्रास नको, असं काही नव्हतं. पाहुण्यांना पॉज करता येत नाही, एवढीच त्यांची तक्रार होती. दारात माणूस उभं राहिलं की त्या आधी कॉम्प्युटरकडं बघायच्या, मग माणसाकडं, आणि चेहरा असा करायच्या की आलेल्याला वाटावं, या घरात कुणीतरी शेवटच्या घटका मोजतंय. आत आल्यावर कळायचं की खरंच मोजत होतं, पण ते पडद्यावर.

आम्ही त्यांना अक्का म्हणायचो. मी मुखेडची. माझ्या खोलीतली शबाना देगलूरची. दोघीही मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेसाठी लातूरला क्लास लावून त्यांच्या वरच्या खोलीत राहत होतो. देगलूरकडं थोरल्या बहिणीला अक्का म्हणतात. शबानानं पहिल्याच दिवशी तशी हाक मारली आणि तीच चिकटली. खाली अक्का आणि त्यांची आई अशा दोघीच. अक्का जमीनमोजणीच्या कचेरीत कारकून होत्या. वय चौतीस, लग्न केलेलं नव्हतं, आणि त्याबद्दल कुणी विचारलं तर म्हणायच्या, "दोन खुर्च्या मावत न्हाईत टेबलापाशी."

ते टेबल हॉलमध्ये बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोखाली होतं. शेजारी अक्कांच्या वडिलांचा फोटो. वडील मूळचे चाकूरकडचे, उस्मानाबादच्या एका कचेरीत शिपाई होते. लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा कचेरीबरोबर तेही इकडं आले, आणि त्याच साली अक्का जन्मल्या. "मी अन् जिल्हा एकाच वर्षीचे," असं त्या अभिमानानं सांगायच्या. आम्ही राहत होतो त्या वर्षी उदगीर वेगळा जिल्हा होणार म्हणून कचेरीत जोरात चर्चा होती. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की माझं अजून काही ठरंना, अन् जिल्ह्याला मात्र लेकरू व्हायलंय.

खेळायला त्यांना वडिलांनीच लावलं. गंजगोलाईच्या बाजारामागच्या बोळात त्या काळी व्हिडिओ गेमचं एक दुकान होतं. अंधारी खोली, लाकडी खोक्यात बसवलेले टीव्ही, आणि भोवती सगळी पोरंच पोरं. पगाराच्या दिवशी वडील फ्रॉकमधल्या अक्कांना बोटाला धरून तिथं घेऊन गेले. दुकानदार म्हणाला, मामा, हे मुलींचं न्हाई. वडील म्हणाले, "मशीन इचारतंय का?" मग ते बाहेर स्टुलावर पेपर वाचत बसले आणि ही आत विमानं पाडत राहिली. वडिलांच्या खेड्यात त्यांना कुठं कुठं हात लावू देत नसत, ते अक्कांनी आम्हाला कधी रंगवून सांगितलं नाही. एवढंच म्हणाल्या, की दादांना, म्हणजे वडिलांना, मशीनचं लई कौतुक होतं, कारण बटण दाबणाऱ्याचं नाव गाव मशीन इचारत न्हाई.

पुढं वडील गेले, अनुकंपेवर नोकरी लागली, आणि आलेल्या पगारातून अक्कांनी एकेक सुटा भाग आणून स्वतःचा कॉम्प्युटर जोडला. त्याला घरातल्या माणसासारखं वागवायच्या. रविवारी त्याचा डबा उघडून सायकलच्या पंपानं आतली धूळ उडवायच्या, आणि हे काम चालू असताना कुणी शिंकलं तरी त्यांना चालायचं नाही.

मतं तर त्यांना प्रत्येक गोष्टीवर होती. गेममधल्या बायकांवर त्यांचा विशेष राग. "गडी असला की तेला डोक्यापासून पायापर्यंत लोखंड, अन् बाई असली की बेंबी उघडी. तलवार काय तिला बेंबी सोडून लागणाराय का? लढायला निघालीय का वरातीला?" मोबाइलवरच्या नव्या गेमना त्या गेम मानायच्याच नाहीत. आधी वाट बघायला लावायची आणि वाट बघायची नसेल तर पैसे मागायचे, हे टँकरवाल्याचं डोकं आहे म्हणायच्या. सोप्या लेव्हलवर खेळणाऱ्याला हसायचं नाही, प्रत्येकाची आपापली चाल असते. पण फसवणुकीचे कोड टाकून जिंकणाऱ्याशी बोलायचंसुद्धा नाही. आणि दुसऱ्यानं खेळून दाखवलेलं बघून, तसंच्या तसं खेळणाऱ्याची त्यांना कीव यायची. आमच्या क्लासच्या नोट्स बघून एकदा म्हणाल्या, "तुमचं बी तसंच हाय पोरींनो. रस्ता दुसऱ्यानं काढलेला, तुमी नुसत्या चालायल्याव. चाला, पर मधून मधून चुका. चुकल्याबिगर नकाशा कळत न्हाई."

शबाना म्हणाली, अक्का, आमच्यात चुकलं की मार्क कटते.

"मंग तुमचा गेम वाईट हाय," अक्का म्हणाल्या आणि परत पडद्याकडं वळल्या.

त्यांची आई शेजारी लसूण सोलत बसायची आणि सगळं मालिका बघितल्यासारखं बघायची. अक्कांनी एखाद्याला गोळी घातली की विचारायची, "त्यानं काय केलतं गं तुझं?" अक्का शांतपणे उत्तर द्यायच्या, की आई, तो आपला पूल घ्यायला आलता. आईला ते पटायचं. जरा वेळानं ती परत विचारायची, आता कुणाकडं हाय पूल? लसणाच्या पाकळीइतकी सुद्धा घाई तिला नसायची.

आता दुष्काळाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यातूनच झालं.

तो उन्हाळा लातूरनं कधी विसरू नये असा होता. मांजरा धरणात चिखलसुद्धा वाळला होता. नळ कोरडे, बोअर कोरडे, मिरजेहून रेल्वेनं पाणी यायचं आणि ते बघायला लोक रुळाकाठी उभे राहायचे. मेसवाल्यांनी ताटं बंद करून पत्रावळ्या आणल्या. बऱ्याच वसतिगृहांनी पोरापोरींना गावी जायला सांगितलं. आमच्या गल्लीतही तेच सुरू झालं. शेजारच्या काकू येऊन अक्कांना म्हणाल्या, दोन पोरी म्हणजे दोन माणसांचं पाणी, पाठवून द्या की परीक्षेपर्यंत. आम्ही जिन्यात उभ्या राहून ऐकत होतो. मुखेडला परत गेले असते तर माझा अभ्यास तिथंच संपला असता, हे मला माहीत होतं. घरात लग्नाची बोलणी सुरू होतीच. अक्का काकूंना म्हणाल्या, "लेव्हल अर्धी टाकून कुणी उठतं का? ऱ्हाऊ द्या त्यांना." काकूंना लेव्हल म्हणजे काय ते कळलं नाही, पण आम्ही राहिलो.

त्याच उन्हाळ्यात अक्कांनी नवं ग्राफिक्स कार्ड बसवलं. गेम किती भारी ते पाण्यावरून ओळखावं, असं त्यांचं मत होतं. डोंगर, झाडं, माणसं कुणीही काढतं, पाणी काढता आलं पाहिजे. कार्ड बसल्यावर त्यांनी आम्हाला खाली बोलावून एक धबधबा दाखवला. आमची आंघोळ तेव्हा बादलीवरून तांब्यावर आली होती. पडद्यावर पाणी कोसळत होतं, फेस उडत होता, खाली डोहात आकाश हलत होतं. आम्ही तिघी बघत राहिलो. आईला मात्र बघवेना. "कवाधरनं वाया चाललंय ते," ती म्हणाली, "बंद कर."

अक्का खेळायच्या तो मुख्य खेळ पाच जणांच्या टीमचा होता. पाच जण पाच ठिकाणी आपापल्या कॉम्प्युटरवर बसून समोरच्या पाच जणांशी लढायचे. अक्का या टीमच्या कप्तान. त्यांचं तिथलं नाव 'मांजरा', पुढं जिल्ह्याच्या सालाचा आकडा. "आपलं नाव आपणच ठेवावं, असं जगात दुसरं ठिकाण न्हाई," त्या म्हणायच्या. बाकीच्यांत पुण्याचे दोन भाऊ होते, एक हैदराबादचा नोकरदार होता, आणि नांदेडचा एक जण होता. त्याचं बोअरच्या जळालेल्या मोटारींचं वायंडिंग भरून द्यायचं दुकान होतं आणि तो स्वतःला उस्ताद म्हणवायचा. चौघेही अक्कांना 'मांजरा भाई' म्हणायचे. अक्का बाई आहेत, हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

हे त्यांनी मुद्दाम लपवलं होतं का? मी एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, खूप आधी एका टीममध्ये माईकवर बोलले होते. पहिल्यांदा एका पोरानं विचारलं मुलगी आहेस का, मग फोटो मागितला, आणि मग जो खेळ मी त्या पोराच्या आधीपासून खेळत होते, तो मला समजावून सांगायला लागला. तेव्हापासून अक्कांनी माईक बंद केला. मांजरा भाईंचा माईक कायमचा बिघडलेला होता. भाई सगळं टाईप करून सांगायचे, झटझट, चुका न करता, आणि चौघं ऐकायचे.

त्या उन्हाळ्यात टीम एका मोठ्या स्पर्धेत उपांत्य फेरीपर्यंत पोचली. ती फेरी जिंकली की अंतिम सामना हैदराबादला, समोरासमोर, एका सभागृहात. अक्कांची झोप उडाली. हरायची त्यांना भीती नव्हती, पण जिंकलं की मांजरा भाईंना सगळ्यांसमोर जाऊन बसावं लागणार. शबानानं तोडगा काढला, की तिच्या मावसभावाला भाई म्हणून पाठवू, दाढी पण आहे त्याला. अक्का हसल्या, पण लगेच नाही म्हणाल्या नाहीत, यावरून त्या किती अडचणीत होत्या ते मला कळलं.

सामन्याचा दिवस रविवारचा, दुपारची वेळ. आईनं सकाळी सगळं घर कोरड्या फडक्यानं पुसून काढलं होतं. फरशीला पाणी लावायची सोय नव्हती, म्हणून ती दिसेल ते पुसत सुटायची. हेडफोनही पुसला. त्याच्या वायरीवर माईकचं एवढंसं बटण होतं, ते पुसताना सरकलं. हे आम्हाला नंतर कळलं.

सामना ऐन रंगात आला होता आणि गल्लीच्या तोंडाला टँकरचा हॉर्न वाजला. तो कधी येईल याचा नेम नसायचा, आणि आला की थांबायचा नाही. अक्कांनी पडद्यावरची नजर काढली नाही, हात थांबवले नाहीत, पण तिथूनच आम्हाला हुकूम सोडायला सुरुवात केली. "पोरींनो, टँकर आलाय, घागरी घ्या! आई, पाईप दे त्यांना. शबाना, पह्यल्यांदा पिण्याचं भर, मंग वापरायचं. तू दारात थांब, काकूला मधी घुसू देऊ नको. रांग सोडू नका गं!"

मी घागर घेऊन दारात पोचले आणि मागं वळून बघितलं. अक्का एकदम ताठ झाल्या होत्या. कानावर हेडफोन, आणि कीबोर्डवरचे हात थांबलेले. हैदराबादवाला काय बोलला ते त्यांनी नंतर आम्हाला सांगितलं. तो अगदी अदबीनं म्हणाला होता, "भाई, माईक चालू हो गया तुम्हारा. भाभी हैं क्या घर में?"

म्हणजे सुटकेची वाट त्यानं स्वतःच करून दिली होती. नुसतं 'हाव', म्हणजे हो, म्हणायचं होतं. पुढं हैदराबादला पाठवायला मावसभाव होताच.

अक्कांनी माईक बंद केला नाही. मग नेहमीच्या, कचेरीतल्या आवाजात म्हणाल्या, "भाभी नक्को समझो. मैंच हूँ मांजरा. सीधे हात को दो जन आ रै, देखो."

दोन जण खरंच येत होते. पुण्याचे भाऊ जागच्या जागी थिजले आणि तिथंच मारले गेले. उस्तादनं पूल बराच वेळ धरून ठेवला, पण तिघांनी पाचांना किती पुरायचं? टीम हरली. बाहेर टँकर गेला तेव्हा आमचे दोन्ही ड्रम भरले होते.

त्या संध्याकाळी भावांनी टीम सोडली. इतकी वर्षं फसवलं, असं काहीसं लिहून गेले. आणखीही लिहिलं होतं, ते अक्कांनी आम्हाला वाचू दिलं नाही. हैदराबादवाल्यानं लिहिलं, की भाई, म्हणजे मॅडम, मला थोडा वेळ द्या. उस्तादकडून काहीच आलं नाही.

अक्कांनी कॉम्प्युटरवर जुनी चादर टाकली. त्या कचेरीत जायच्या, यायच्या, आमच्याबरोबर पाणी भरायच्या, आणि सगळ्या गोष्टींवर चक्क 'बरं' म्हणायच्या. ते ऐकवत नव्हतं. आई लसूण सोलताना रिकाम्या चादरीकडं बघायची. एकदा न राहवून तिनं विचारलं, पूल गेला का आपला? अक्का उठून न्हाणीत गेल्या. न्हाणीत पाणी नव्हतं, तरी बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "हारल्याचं काई न्हाई गं. मी खोटं बोलले न्हवते. त्यांनी कधी इचारलंच न्हाई. पर हे बी खरं की इचारू नये मनूनच मी गप ऱ्हायले."

पुढच्या एका रविवारी सकाळी दारात एक जीप थांबली. उतरला तो चाळिशीचा, डोक्यावर जाळीची टोपी, हातांच्या बोटांना मोटारीच्या वार्निशचे काळे डाग. बरोबर बुरख्यातली बायको. मागं पाण्याचे कॅन खच्चून भरलेले. आई ओट्यावर बसली होती. त्यानं अदबीनं सलाम केला आणि विचारलं, "मांजरा भाई हायत का घरी?"

"मांजर न्हाई पाळलं आमी," आई म्हणाली.

मी वरून बघत होते. धावत खाली गेले आणि त्यांना आत घेतलं. अक्का स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या, आणि माणूस कोण आहे ते कळल्यावर तशाच उभ्या राहिल्या. इतकी वर्षं रोज एकमेकांच्या भरवशावर जीव टाकलेली ही दोन माणसं, पण त्यांना समोरासमोर कसं बोलायचं ते येईना. उस्ताद भिंतीवरच्या फोटोंकडं बघत होता, अक्का त्याच्या चपलांकडं. त्यानं सांगितलं, की पत्ता स्पर्धावाल्यांकडनं घेतला, अन् नांदेडातबी बोंबच हाय, पर गोदावरीनं अजून पिण्यापुरतं ठेवलंय, मनून आणलं. अक्का म्हणाल्या, कशाला तरास घेतला. चहा आला. तोही पिऊन झाला.

शेवटी शबानानं उठून कॉम्प्युटरवरची चादर ओढली आणि दोन खुर्च्या पडद्यासमोर ठेवल्या. अगदी मावल्या. दोघं शेजारी शेजारी, बंद पडद्याकडं तोंड करून बसले, आणि मग मात्र बोलणं सुरू झालं.

उस्ताद म्हणाला, "मी लिवलं न्हाई, कारण मला लिवायला येत न्हाई नीट. मनून आलो. त्या दिवशी तुमी टँकरवर आवाज दिला ना, पह्यल्यांदा पिण्याचं, मंग वापरायचं, रांग सोडू नका, तवाच मी वळखलं. हे भाईच हायत. माझा कप्तान असाच हाय. आवाज बाईचा हाय, त्याला मी काय करू?"

अक्कांनी पदराला डोळे पुसले. पहिल्यांदाच मी त्यांना काही न बोलता हसताना बघितलं. मग म्हणाल्या, दोन माणसं कमी पडायलेत पण. शबानानं लगेच माझ्याकडं बघितलं आणि मी नाही म्हणून मान हलवली, आमची परीक्षा तोंडावर होती.

तेव्हा इतका वेळ गप्प बसलेली उस्तादची बायको बोलली. तिनं चेहऱ्यावरचा नकाब मघाशीच वर केला होता. म्हणाली, "आपा, एक इचारू? मागच्या बारिशमधी तुमी एकदा लिवलं होतं, उस्ताद, आज जान आणलीस खेळात. ध्यानात हाय?"

अक्कांच्या ध्यानात होतं. त्या सामन्यात उस्तादनं एकट्यानं मागची बाजू लढवली होती, असं म्हणाल्या.

"त्या दिवशी हे दुकानात होते. गिऱ्हाईक बसलं होतं. मीच बसले होते मशीनवर." तिनं नवऱ्याकडं न बघताच पुढं सांगितलं, "अन् नुसतं त्या दिवशी न्हाई."

उस्ताद खुर्चीत वळून बायकोकडं बघत राहिला. मग म्हणाला, "तरीच. मी म्हणायलो, मी कधी कधी एवढा भारी कसा खेळायलो." आणि कॅन उतरवायचं निमित्त करून बाहेर गेला. बाहेर जाऊन तो हसत होता. आम्ही खिडकीतून बघितलं.

त्या पावसाळ्यात लातूरला पाणी आलं, इतकं की लोक वैतागले. माझा नंबर आयुर्वेदाला लागला, शबानाचा फिजिओला. आता मी मुखेडात दवाखाना चालवते, आणि लग्न झालं ते माझ्या मनासारखं आणि माझ्या वेळेला झालं. उदगीर जिल्हा अजून झालेला नाही. अक्का त्याच कचेरीत आहेत. त्या दुष्काळाच्या पुढच्या वर्षी स्पर्धेच्या सगळ्याच फेऱ्या हैदराबादला झाल्या, तेव्हा त्यांची टीम तिथं गेली, आईला घेऊन. पाचवा गडी हैदराबादवाल्यानं आणला, आणि तो स्वतःही परत आला. पहिल्याच फेरीत हरून आली सगळी. फोनवर सांगताना अक्का सभागृहातल्या खुर्च्या, लाईट, तिथले माउस यांच्यावर अर्धा तास बोलल्या, सगळंच वाईट होतं म्हणे, आणि आवाजात आनंद मावत नव्हता.

पण त्या रविवारचं अजून थोडं राहिलंय. उस्ताद बाहेर गेल्यावर अक्का आपल्या खुर्चीवरून उठल्या. त्या खुर्चीवर त्यांनी आजवर आईलाही बसू दिलं नव्हतं. "बसा," त्या म्हणाल्या. उस्तादच्या बायकोनं बाह्या मागं सारल्या, हात बुरख्याला पुसले आणि बसली. कॉम्प्युटर सुरू झाला. सामना लागला. अक्का तिच्या मागं उभ्या राहिल्या, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून, आणि सवयीनं सांगायला लागल्या, "आता डाव्या हाताला..."

ती आधीच वळली होती.

अक्कांनी तोंड मिटलं. जरा वेळानं त्यांनी खुर्चीवरचा हातही काढून घेतला, मागं सरकल्या, आईशेजारी जमिनीवर बसल्या आणि परातीतला लसूण सोलायला घेतला.

"कुणाकडं हाय आता?" आईनं हळूच विचारलं.

"तिच्याकडं," अक्का म्हणाल्या.